घारीला सिग्नल नसतो!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर आमची रिक्षा पाऊण तास एकाच जागी उभी होती. पुढे कंटेनर, मागे बस, डावीकडे खड्डा आणि उजवीकडे दुभाजक. रिक्षावाल्याने इंजिन बंद करून तंबाखूची पुडी काढली, त्यावरून मुक्काम लांबणार हे मी ओळखले. शेजारी पाचवीतली नात बसली होती. तिने मान बाहेर काढून वर पाहिले. येऊरच्या डोंगराकडून आलेली एक घार सावकाश घिरट्या घेत आमच्या डोक्यावरून पलीकडे निघून गेली.

"आजोबा, घारीला सिग्नल नसतो ना?"

मी हसलो. पण तिचा पुढचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या मागे कुठेतरी एक रुग्णवाहिका अडकली होती. तिचा भोंगा बराच वेळ वाजत होता, जवळ मात्र येत नव्हता. "आत कोण असेल हो? त्या गाडीला वरून उडता आलं असतं तर?"

घरी पोचल्यावर तिने मोबाइलवरची एक चित्रफीत दाखवली. गच्चीवरून उडणारी, चौघांना घेऊन जाणारी टॅक्सी. "ही खरी आहे की खोटी? आपल्याकडे कधी येणार? आपण बसू का तिच्यात?" प्रश्नांची माळच लागली. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तरी एका दमात उत्तर देता येईना. मग आम्ही दोघांनी ठरवले की, एकेक प्रश्न घेऊन बसायचे. पुढचे चार रविवार त्यातच गेले. घरोघरी अशी प्रश्नचिन्हे हिंडत असतात, म्हणून त्या गप्पांचा हा गोषवारा.

पंखा आणि मिक्सर

पहिला प्रश्न अर्थातच, ती उडते कशी?

उत्तर डोक्यावरच फिरत होते. छताचा पंखा हवा खाली ढकलतो, म्हणून आपल्याला वारा लागतो. पण न्यूटनचा नियम असा की, तुम्ही एखाद्या वस्तूला ढकलले तर तीही तुम्हाला उलट ढकलते. पंखा हवेला खाली ढकलतो, हवा पंख्याला वर ढकलते. आपला पंखा उडून जात नाही, कारण हा धक्का त्याच्या वजनाच्या मानाने फार थोडा असतो. पाती मोठी केली, वेग वाढवला, वजन कमी केले की तोच पंखा उडू लागेल. हेलिकॉप्टर म्हणजे, ढोबळमानाने, असा पंखाच.

"मग हेलिकॉप्टरला शेपटीवर छोटा पंखा कशाला?" मी तिला स्वयंपाकघरात नेले. मिक्सर सुरू करताना आजी भांड्यावर हात ठेवते, कारण पहिल्या क्षणी मिक्सरला हिसका बसतो. आतले पाते एका दिशेने फिरू लागले की बाहेरचे धूड उलट दिशेने फिरायला बघते. हेलिकॉप्टरचेही तसेच. शेपटीवरचा पंखा नसेल तर वरची पाती एकीकडे आणि खालची माणसे दुसरीकडे अशी गरगर सुरू होईल. शेपटीचा पंखा म्हणजे आजीने मिक्सरवर ठेवलेला हात!

उडत्या टॅक्सीने ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे. तिला एका मोठ्या पंख्याऐवजी अनेक लहान पंखे असतात. त्यांतले निम्मे उजवीकडून फिरतात, निम्मे डावीकडून, त्यामुळे हिसके एकमेकांना छेद देतात. प्रत्येक पंख्याला स्वतःची विजेची मोटर. डावीकडचे पंखे थोडे जोरात फिरवले की टॅक्सी उजवीकडे कलते, मागचे जोरात फिरवले की पुढे झुकून पुढे जाते. हे सगळे वेग सेकंदाला कितीतरी वेळा संगणक जुळवत असतो. लग्नात फोटो काढणारा ड्रोन आता सगळ्यांच्या परिचयाचा झाला आहे. त्याच्याच कुळातली ही थोरली बहीण.

न रिकामा होणारा डबा

"मग ती मुंबईहून नागपूरला का जात नाही?" हा दुसरा प्रश्न. इथे या सगळ्या प्रकरणाचे दुखणे आहे, आणि ते बॅटरीत आहे.

एक किलो विमानाच्या इंधनात जेवढी ऊर्जा असते, तेवढी साठवायला आजच्या चांगल्या लिथियम बॅटऱ्या सुमारे चाळीस ते पन्नास किलो लागतात. विजेची मोटर इंजिनापेक्षा काटकसरी असते, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण सगळी नाही. शिवाय आणखी एक गंमत आहे. आपण सहलीला जेवणाचा डबा नेतो, तो येताना रिकामा आणि हलका असतो. विमानाचे इंधनही असेच जळत जाते आणि विमान हलके होत जाते. बॅटरी मात्र असा डबा आहे की, आतले जेवण संपले तरी वजन तितकेच. ते ओझे घेऊनच खाली उतरायचे.

त्यातून एकाच जागी हवेत तरंगत राहणे हे सर्वांत खर्चाचे काम. विहिरीत हातपाय मारत उभे राहून पाहा, म्हणजे कळेल. त्यापेक्षा पुढे पोहत जाणे किती सोपे! म्हणून काही कंपन्यांनी टॅक्सीला पंखही दिले आहेत. वर चढताना पंखे आकाशाकडे तोंड करतात आणि उंची गाठली की पुढे वळतात. मग वजन पंख तोलतात, पंख्यांनी फक्त पुढे ओढायचे. आमच्या घारीची हीच तर हुशारी. ती घटकाघटका पंख हलवत नाही. पसरलेल्या पंखांवर आणि वर चढणाऱ्या उबदार हवेवर ती आपले वजन सोपवून देते.

कोण कुठवर पोचले?

ही सारी काल्पनिक चित्रे नाहीत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत एक माणूस सोळा छोट्या पंख्यांच्या सांगाड्यावर बसून सुमारे दीड मिनिट हवेत राहिला. सांगाड्याच्या खाली, उतरताना धक्का बसू नये म्हणून, व्यायामाचा फुगवलेला मोठा चेंडू बांधला होता! हे ऐकून नात इतकी हसली की, तिने वहीत पहिले चित्र त्याचेच काढले. त्या प्रयोगातूनच पुढे व्होलोकॉप्टर ही कंपनी नावारूपाला आली.

चीनमधल्या ईहांग कंपनीच्या दोन आसनांच्या वाहनात तर चालकच नसतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चीनच्या विमान वाहतूक खात्याने त्याच्या आराखड्याला मान्यता दिली. माणसे नेणाऱ्या चालकविरहित विमानाला अशी मान्यता मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ. त्यालाही सोळा पंखे आहेत आणि एका चार्जमध्ये ते सुमारे ३० किलोमीटर जाते. अमेरिकेतल्या जोबी कंपनीच्या टॅक्सीत चालक आणि चार प्रवासी बसतात, तिचे सहा पंखे वळणारे आहेत आणि वेग ताशी ३२० किलोमीटरपर्यंत जातो. २०२५ च्या जूनमध्ये दुबईत तिची चाचणी झाली.

आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीत जन्मलेली ई-प्लेन ही कंपनी या कामात आहे. बंगलोरच्या एका कंपनीने आपल्या टॅक्सीचा पूर्णाकृती नमुना २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात मांडला. नमुन्याचे नाव 'शून्य' आणि कंपनीचे नाव 'सरला'. हे नाव सरला ठकराल यांच्यावरून घेतलेले. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवणाऱ्या या बाई विमानचालकाचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. नातीच्या वहीत दुसरे चित्र त्यांचे.

पण विज्ञान शिकवणाऱ्याने यशाच्याच गोष्टी सांगायच्या नसतात. त्याच व्होलोकॉप्टरला २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रवासी न्यायचे होते. ते जमले नाही, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ती दुसऱ्यांनी विकत घेतली. जर्मनीच्याच लिलियम कंपनीवर ती पाळी दोन महिने आधी आली होती. उडणे जमले तरी उडत राहणे परवडावे लागते.

बंद पडली तर?

हा प्रश्न आजीने विचारला. ती शेंगा सोलत आमचे ऐकत होती.

अनेक पंख्यांचा एक फायदा असा की, त्यांतला एखादा थांबला तरी उरलेले भार उचलतात. काही टॅक्स्यांत अख्ख्या वाहनासाठी मोठे पॅराशूट ठेवण्याचीही सोय केली जाते. तरीही सुरक्षितता म्हणजे नुसते वाहन न पडणे नव्हे. यासाठी मी दोघींना न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली.

उडत्या टॅक्सीची कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५३ पासून हेलिकॉप्टरने प्रवासी नेले जात. पुढे पॅन ॲम कंपनीच्या उत्तुंग इमारतीच्या गच्चीवरूनच हेलिकॉप्टरे विमानतळाकडे उडू लागली. १६ मे १९७७ रोजी त्या गच्चीवर उभ्या असलेल्या एका हेलिकॉप्टरच्या चाकाचा आधार मोडला. धातू हळूहळू थकत गेला होता. हेलिकॉप्टर कलंडले, फिरती पाती फुटली आणि गच्चीवरचे चार प्रवासी मरण पावले. पात्याचा एक तुकडा खाली रस्त्यावर पडला आणि तिथून चाललेली एक बाई दगावली. मरणाऱ्यांपैकी कोणीही त्या क्षणी हवेत नव्हते. त्या गच्चीवरची सेवा बंद झाली ती झालीच.

"म्हणजे जे बसलेच नाहीत, त्यांनाही धोका," नात म्हणाली. अगदी बरोबर. म्हणून उडत्या टॅक्सीला परवाना देताना आत कोण आहे एवढेच पाहून चालत नाही, खाली कोण आहे हेही पाहावे लागते. आणि घारीला सिग्नल नसला तरी टॅक्सीला तो लागणारच. आकाश रिकामे दिसते, पण मुंबईच्या आकाशात विमानांचे ठरलेले मार्ग आहेत, हेलिकॉप्टरे आहेत, उंच इमारती आहेत, पावसाळी ढग आहेत आणि घारीही आहेत. शंभर टॅक्स्या उडू लागल्या की वरही रस्ते आखावे लागतील, वेळा ठरवाव्या लागतील, पोलीस नेमावे लागतील.

आजीचा पुढचा प्रश्न मात्र कुठल्याच कंपनीने विचारात घेतला नसावा. "आपली लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते. गच्चीवर मी चढणार कशी?" तिचे गुडघे दुखतात. त्यात गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि ती त्यांच्याकडून मिळवणे हे विमान चालवण्याहून अवघड काम. पण चेष्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतोच. सात मिनिटांचा हवाई प्रवास करण्यासाठी अर्धा तास गाडीने टॅक्सीच्या थांब्यावर जायचे असेल, तर आपण मिळवले काय?

पुष्पकातली रिकामी जागा

पुष्पक विमानाची गोष्ट नातीला ठाऊक होती. त्यात कितीही माणसे बसली तरी एक आसन रिकामेच राहते, असे सांगतात. मी म्हटले, चल, आपल्या टॅक्सीत किती आसने रिकामी राहतात ते पाहू. पाटी-पेन्सिल घे.

मुंबईच्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी साडेचार हजारांच्या आसपास माणसे असतात. उडत्या टॅक्सीत चार. एका लोकलमधल्या माणसांना न्यायला किती टॅक्स्या? नातीने भागाकार केला, ११२५. ठाणे स्थानकात उभे राहा, गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी एक लोकल निघते. म्हणजे तीन-चार मिनिटांत हजारावर टॅक्स्या उडवायच्या, आणि मग पुढच्या हजार! आकाशात घोडबंदर रस्ता तयार व्हायला वेळ लागणार नाही.

भारतात ही टॅक्सी आणण्याची एक घोषणा २०२३ च्या नोव्हेंबरात झाली होती. इंडिगो विमानसेवेमागचा उद्योगसमूह आणि अमेरिकेची आर्चर कंपनी यांनी ती केली. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपासून गुरुग्रामपर्यंत मोटारीने तासदीड तास लागतो, तिथे सात मिनिटांत पोचायचे, २०२६ मध्ये सुरुवात करायची, असा तो मनोदय. तो तडीस गेला तर कौतुकच करू. पण अशा घोषणा आपण पूर्वीही ऐकल्या आहेत, हेही मुलांना सांगायला हवे. गाडी रुळाखाली लटकवून नेणाऱ्या 'स्कायबस'ची चाचणी कोकण रेल्वेने मडगावला केली. २००४ च्या सप्टेंबरात तिथे अपघात होऊन एक कर्मचारी गेला. पुढे स्कायबस तर गेलीच, तो मार्गही काढून टाकला गेला. पुणे–मुंबई २५ मिनिटांत नेणाऱ्या 'हायपरलूप'चा करार २०१८ मध्ये झाला. ज्या परदेशी कंपनीशी झाला, तिनेच २०२३ अखेर गाशा गुंडाळला.

म्हणून नवे काही करूच नये, असे मात्र नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आमच्या ठाण्याला पहिली आगगाडी आली. १४ डबे, तीन इंजिने आणि सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे. त्या दिवशी तीही बड्यांची मौजच होती. विस्तवाच्या गाडीपुढे लोकांनी हात जोडल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. पण त्या गाडीला तिसरा वर्ग मिळाला, भाजीवाली, गिरणी कामगार, शाळेची पोरे तिच्यात चढली, आणि तेव्हा कुठे ती मुंबईची गाडी झाली. उडत्या टॅक्सीला असा तिसरा वर्ग मिळेल का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

"आकाशात तिसरा वर्ग असूच शकत नाही का?" नातीने विचारले. असतो की! दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियामध्ये ला पाझ हे डोंगराच्या खळग्यात वसलेले शहर आहे. त्याच्या वरच्या अंगाला, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, एल आल्तो नावाची कष्टकऱ्यांची मोठी वस्ती. मधला रस्ता वळणावळणाचा आणि कायम तुंबलेला. २०१४ मध्ये तिथे तारेवरून जाणारे पाळणे सुरू झाले. एका पाळण्यात दहा माणसे, एक गेला की काही सेकंदांत दुसरा. आता त्याचे दहा मार्ग आहेत, मिळून सुमारे तीस किलोमीटर. विद्यार्थी, कामगार, बाजाराला निघालेल्या बायका रोज शहराच्या छपरांवरून जातात, आणि तिकीट सामान्यांना परवडणारे असते. यात चकचकीत यंत्र नाही. आहे ती एक तार, एक मोटर आणि रिकामी जागा पुष्कळांना मिळावी हा विचार.

भोंगा वाजत होता

चौथ्या रविवारी आम्ही पुन्हा त्या रुग्णवाहिकेकडे आलो. नात ती विसरली नव्हती, मीही नाही.

जिथे चारच माणसांची सोय आहे, तिथे ती चार माणसे कोण असावीत, हे ठरवायला नको का? आफ्रिकेतल्या रुवांडा देशात २०१६ पासून छोटी चालकविरहित विमाने डोंगराळ भागातल्या दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या पोचवत आहेत. मणिपूरमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरात ड्रोनने लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर लस नेली. रस्त्याने २६ किलोमीटर पडणारे अंतर हवेतून १५ होते आणि ते पंधराएक मिनिटांत पार पडले. आणि ठाण्यापासून फार दूर नाही, आपल्याच पालघर जिल्ह्यात त्याच वर्षीच्या डिसेंबरात जव्हारहून झाप या गावी ड्रोनने ३०० लसी पोचवल्या. एरवी चाळीस मिनिटे खाणारी वाट, ड्रोनला लागली नऊ मिनिटे आणि वर थोडी. जव्हारच्या घाटात पावसाळ्यात ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना या नऊ मिनिटांचे मोल सांगायला नको.

अजून माणूस नेणारी रुग्णवाहिका आपल्याकडे अशी उडू लागलेली नाही. पण कंपन्यांच्या यादीत ती आहे. बॅटरी जसजशी हलकी होईल, तसतशी ती जवळ येईल. त्या दिवशी पहिला प्रवासी कोण, हे बाजारावर सोडायचे की आपण ठरवायचे, एवढाच प्रश्न आहे. आजच्या पाचवीतल्या मुलांपैकीच कोणीतरी तेव्हा ती टॅक्सी बनवत असेल, कोणी तिला परवाना देत असेल आणि कोणी तिच्या पावतीवरचे भाडे ठरवत असेल. म्हणून त्यांच्या प्रश्नांना आज नीट उत्तरे द्यायची. "मोठी झालीस की कळेल" हे उत्तर नव्हे.

वहीतले शेवटचे चित्र तिने मला विचारून काढले नाही. वर एकच उडती गाडी, तिच्यावर लाल अधिकचिन्ह. खाली भरलेली बस, भरलेली लोकल. रस्त्यावर मोटारींची रांग आणि त्या रांगेशेजारी एक मोकळी पांढरी पट्टी.

"ही कशासाठी?" मी विचारले.

"वरची गाडी येईपर्यंत खालच्या ॲम्ब्युलन्सला जायला," ती म्हणाली. "त्याला बॅटरी कुठे लागते?"

कोपऱ्यात घारही होती. तिने तिला सिग्नल काढला नव्हता.